साडेतीनचा कैवार

मोठ्या लेन्सला माझा विरोध आहे. हा विरोध आधी तांत्रिक आहे, मग आर्थिक आहे आणि शेवटी माणुसकीचा आहे. तिन्ही बाजू मी क्रमाने मांडणार आहे. पण ज्यांना संध्याकाळची लोकल गाठायची आहे त्यांच्यासाठी निकाल आधीच वाचून दाखवतो. रेंजफाइंडर जातीचा फिल्म कॅमेरा घेतला असेल, तर त्यावर पन्नास मिलिमीटरची, एफ साडेतीनची, फारच चैन करायची तर एफ 2.8 ची छोटी लेन्स चढवावी आणि त्या विषयावर पुन्हा जन्मात बोलू नये.

यातला पहिला भाग पुष्कळांना जमतो. दुसरा कोणालाच जमत नाही.

फिल्मचा कॅमेरा मेला, त्याचे दिवसकार्यही उरकले, अशी आपली सगळ्यांची समजूत होती. उटीचा सरकारी फिल्म कारखाना 1960 साली स्थापन झाला, त्याच्या 'इंदू' रोलवर कितीतरी घरांतली बारशी आणि मुंजी टिपल्या गेल्या, आणि तो कारखानाही पुढे बंद पडला. गल्लीतले फोटो स्टुडिओ झेरॉक्स आणि लॅमिनेशनच्या आश्रयाला गेले. आणि आता पाहावे तर पंचविशीतली पोरे गळ्यात आजोबांच्या काळचा कॅमेरा अडकवून हिंडताहेत! रोल, त्याची धुलाई आणि स्कॅनिंग मिळून छत्तीस फोटोंना हजार रुपयांच्या आसपास पडतात. म्हणजे एका टिचकीला सत्तावीस-अठ्ठावीस रुपये. एवढ्यात टपरीवर दोघांचा चहा होऊन वर बिस्किटे येतात. तरी लोक घेतात. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. माणसाला एखादे निरुपद्रवी व्यसन असावे. माझी तक्रार पुढच्या पायरीबद्दल आहे.

पुढची पायरी अशी, की बॉडी घरात आली की दुसऱ्या दिवशी या मंडळींना लेन्सचा ताप चढतो. एफ 2 घ्यावी की एफ 1.4? की सरळ एफ 0.95? हे आकडे नवख्याला कळत नाहीत, म्हणून सांगतो. लेन्सच्या आतला झरोका जितका मोठा, तितका हा आकडा लहान. रेल्वेच्या वर्गासारखेच आहे हे. आकडा खाली आला की भाडे वर जाते. एफ साडेतीन म्हणजे लाकडी बाकाचा डबा आणि एफ 0.95 म्हणजे राष्ट्रपतींचा सलून. एफ 1.4 च्या झरोक्यातून साडेतीनच्या सहापट प्रकाश आत येतो. सहापट म्हटल्यावर मराठी माणूससुद्धा खिशात हात घालतो. आणि तिथेच तो फसतो.

आता तांत्रिक बाजू. मोठ्या झरोक्याचा हा सोस मुळात एसएलआर कॅमेऱ्याच्या जमान्यातला. त्या कॅमेऱ्यात माणूस लेन्समधूनच बघतो. लेन्स मोठी, की आत दिसणारे चित्र लख्ख, आणि फोकस करणे सोपे. तिथे मोठ्या लेन्सला काही अर्थ आहे. पण रेंजफाइंडरमध्ये बघायची खिडकी वेगळी आणि लेन्स वेगळी. खिडकीच्या मधोमध एक छोटासा ठिपका असतो, त्यात एकाच वस्तूच्या दोन आकृत्या दिसतात. लेन्सचे कडे फिरवून त्या एकमेकींवर आणल्या, की जमले. ही खिडकी लेन्स साडेतीनची असो की दीडची असो, तितकीच उजेडाची राहणार. म्हणजे ज्या सुखासाठी लोक मोठी लेन्स घेत, त्यातले अर्धे सुख इथे मिळतच नाही. पैसे मात्र पूर्ण.

बरे, सुख नाही ते नाही, वर दुःख आहे. खिडकी कॅमेऱ्याच्या एका कोपऱ्यात, लेन्स मधे. लेन्स जाडजूड असली की तिचे पोट खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात घुसते. सिनेमा बघायला गेलो आणि पुढच्या खुर्चीत फेटेवाला आला, तशी गत. आपण पैसे मोजून फेटेवाल्याला पुढे बसवायचे हा काय प्रकार आहे?

मुळात हा कॅमेरा जन्मला कशासाठी ते पाहा. जर्मनीत ऑस्कर बार्नाक नावाचा एक गृहस्थ होता. त्याला दमा होता. त्या काळचे काचेच्या प्लेटांचे अवजड धूड घेऊन डोंगर चढणे त्याला झेपेना. म्हणून त्याने खिशात मावेल असा कॅमेरा केला. 1925 साली तो 'लायका' या नावाने बाजारात आला, आणि 1932 साली त्याला जोडलेला रेंजफाइंडरही मिळाला. 1925 च्या त्या पहिल्या लायकावर लेन्स कोणती होती? पन्नास मिलिमीटर, एफ साडेतीन. काम झाले की कासवाने मान आत घ्यावी तशी ही लेन्स बॉडीत ढकलून देता येत असे. दमेकऱ्याने दमेकऱ्यांसाठी केलेल्या या सोयीवर आपण आज 700 ग्रॅमची एफ 0.95 लेन्स चढवतो. तिची किंमत दहा लाखांच्या घरात आहे. बार्नाक असता तर त्याला पुन्हा दमा लागला असता.

पन्नास मिलिमीटरच का, असे कोणी विचारील. फिल्मची चौकट 24 बाय 36. तिचा कर्ण पायथागोरसच्या कृपेने 43 मिलिमीटर. लेन्स त्याच्या आसपासची असली की चित्र डोळ्याला सरळ, ओळखीचे वाटते. पन्नास हा त्यातला सरावाचा आकडा. कॅमेरा उभा धरून तीन मीटरवर उभे राहा. उभा माणूस डोक्यापासून पायापर्यंत चौकटीत येतो, वर थोडे आभाळ उरते. तीन मीटर म्हणजे ओटीवरून अंगणातल्या माणसाशी न ओरडता बोलावे इतके अंतर. माणसाचा देह त्याच्या स्वतःच्या हाताने साडेतीन हात असतो. साडेतीन हातांच्या देहाला साडेतीनची लेन्स! आपल्याकडे मुहूर्त साडेतीन, शक्तिपीठे साडेतीन, पेशवाईतले शहाणेसुद्धा साडेतीन. त्यातला अर्धा शहाणा म्हणजे नाना फडणवीस. तलवारीच्या बाजूने कच्चा म्हणून अर्धा मोजला. पण कारभार सांभाळला तो त्या अर्ध्यानेच. अर्ध्याला हसू नये.

आता हे सगळे आशागडला आणून तपासू. आशागड म्हणजे डहाणू रोड स्टेशनकडून चारोटीकडे निघालेल्या रस्त्यावरचे गाव. पुढे गंजाड. दोन्ही बाजूंना झाडे, पाडे, भातखाचरे. आणि वर ऊन! कोकणपट्टीचे दुपारचे ऊन म्हणजे काय चीज आहे ते जर्मनीत बसून कळायचे नाही. 400 च्या फिल्मला या उन्हात एफ 16 ठेवले तर शटर सेकंदाच्या चारशेव्या-पाचशेव्या भागाला ठेवावे लागते. हा जुना, सगळ्यांना पाठ असलेला हिशेब. आता तीच लेन्स एफ 1.4 वर उघडा. सात पायऱ्या खाली आलात, म्हणजे प्रकाश एकशे अठ्ठावीसपट झाला. शटर किती लागेल? सेकंदाचा पन्नास हजारावा भाग! जुने लायका फार तर हजाराव्या भागापर्यंत जातात. सोव्हिएत 'फेड' पाचशेव्या भागावर हात टेकतात, आणि 'झोर्की' पाचशेव्या नाहीतर फार तर हजाराव्या भागावर. म्हणजे दहा लाखांचा झरोका आशागडच्या उन्हात सकाळी नऊपासून संध्याकाळी पाचपर्यंत बंदच ठेवायचा. सरकारी कचेरीची वेळ पाळणारी लेन्स घ्यायची तरी कशाला?

यावर मोठ्या लेन्सचे वकील एकच मुद्दा टेबलावर आपटतात. "अंधारात काय करणार? रात्रीचा तारपा नाच कसा टिपणार? झोपडीतली म्हातारी कशी टिपणार?"

मुद्दा खरा आहे. मी तो टाळत नाही. रात्रीच्या नाचासाठी कोणाला एफ 2 हवी असेल तर तीही लहान मिळते, जरूर घ्यावी. पण वर्षातल्या किती रात्री आपण नाचात असतो? आणि झोपडीतल्या म्हातारीचे म्हणाल, तर तिला नम्रपणे "आजी, जरा ओटीवर येऊन बसता का?" असे विचारावे. ओटीवरच्या सावलीत साडेतीनच्या लेन्सला पुरून उरेल इतका उजेड असतो. आजी येते. शिवाय येताना पदर सारखा करते. हे पदर सारखे करणे एफ 0.95 ला साधणार नाही, कारण ती म्हातारीला न विचारता अंधारातच टिपून मोकळी होते.

आता आर्थिक बाजू. मी बी.कॉम. आहे, त्यामुळे हे कलम थोडक्यात आटोपतो. बँकेत कर्जाचा हप्ता किंवा व्याज नव्वद दिवसांहून जास्त थकले, की त्या कर्जाला आम्ही एनपीए म्हणतो. मराठीत अनुत्पादक मालमत्ता. हाच नियम लेन्सला लावा. नव्वद दिवस जी लेन्स कपाटाबाहेर आली नाही ती एनपीए. माझ्या पाहण्यातल्या एफ 1.4 वाल्यांपैकी बहुतेकांची मालमत्ता या वर्गात मोडते. का? तर जड आहे, महाग आहे, पावसात नेता येत नाही, लोकलमध्ये नेता येत नाही, आणि बायकोला किंमत खरी सांगितलेली नाही.

त्यात आमच्या पट्ट्यात समुद्र आणि चार महिन्यांचा पाऊस. जुलैत लोणच्याला बुरशी येते तशीच लेन्सला येते. आत पांढरे जाळे धरते. साध्या साडेतीनच्या लेन्सांत बहुधा चारच काचा असतात, त्यामुळे जाणकार माणूस त्या सोडवून पुसून देतो. मोठ्या लेन्सच्या पोटात सात-आठ काचा, त्या पुसायला कोणी धजत नाही, आणि धजलाच तर बिल बघायला आपण धजत नाही. म्हणून लेन्स डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवावी, आणि जुनी विकत घेताना मागून बॅटरीचा झोत टाकून आतले जाळे बघून घ्यावे. वांगेसुद्धा आपण फिरवून बघतो.

फरकाच्या रकमेचे काय होते तेही सांगतो. दहा लाखांची लेन्स न घेता रोल घेतले, तर हजार रोल येतात. हजार रोल म्हणजे छत्तीस हजार फोटो. तुमचे बोट झिजेल, पंचक्रोशीतल्या म्हाताऱ्या माणसांची रांग संपेल, पण रोल संपणार नाहीत.

म्हाताऱ्या माणसांची रांग हा शब्द मी सहज वापरलेला नाही. इथे माझी तिसरी बाजू सुरू होते.

या पट्ट्यातल्या बँकेत कारकुनी करताना माझ्या हाताखालून पुष्कळ चेहरे जातात. 2014 च्या ऑगस्टमध्ये जन-धन योजना आली, तेव्हा पाड्यापाड्यांतून माणसे खाती उघडायला आली. त्यातल्या कित्येकांनी आयुष्यातला पहिला फोटो त्या फॉर्मसाठी काढला होता. मागे पांढरा पडदा, श्वास रोखलेला, डोळे वटारलेले. फोटोग्राफरने "हलू नका" म्हटले ते त्यांनी इतके मनावर घेतले होते, की फोटोत माणूस आहे की माणसाची तक्रार आहे ते कळू नये.

एकदा एक जण काउंटरशी आला. आई वारली होती. खाते बंद करायचे कागद त्याने आणले होते, सगळे बरोबर होते. सही-अंगठ्याचे काम झाल्यावरही तो हलेना.

"आणखी काही आहे का, भाऊ?" मी विचारले.

"साहेब, आईचा फोटो तुमच्याकडे आहे ना? फॉर्मवरचा. तेवढा द्या."

"पासबुकावर असेल की."

त्याने पासबुक पुढे केले. पावसाने फोटो फुगला होता, आणि तोंडावर आमचाच गोल शिक्का बसला होता. घरात दुसरा फोटो नव्हता. साहेबांना विचारून मी त्याला फॉर्मवरच्या फोटोची झेरॉक्स काढून दिली. काळीपांढरी, हनुवटीवर अर्धा शिक्का. त्याने ती घडी न घालता दोन्ही हातांत धरून नेली.

त्या माणसाच्या गावात फोटोवाले येत नाहीत असे समजू नका. रग्गड येतात. 2013 पासून मुंबईची लोकल डहाणूपर्यंत येऊ लागली, तेव्हापासून रविवार गाठून येतात. तारपा टिपतात, भिंतीवरची चित्रे टिपतात, म्हाताऱ्यांचे चेहरे टिपतात. पण कसे? मोठी लेन्स पूर्ण उघडून. एफ 1.4 ला एक मीटरवरून फोटो काढला, की स्पष्ट राहणारी पट्टी जेमतेम साडेतीन सेंटिमीटर. (इथेही साडेतीनच, पण चुकीच्या जागी.) नाक धरले तर डोळे सुटतात, डोळे धरले तर कान सुटतात. मागचे कूड, शेणाने सारवलेली ओटी, कोंबडी, नातू, सगळे लोण्यासारखे वितळून जाते. याला हल्ली फार मान आहे. या धुक्यावर दोन-दोन तास चर्चा करणारे लोक मी पाहिले आहेत. पण त्या मुलाला हवी होती ती आई, तिच्या ओटीसकट. बँकेच्या फोटोत मागे पांढरा पडदा, आणि कलेच्या फोटोत मागे महागडे धुके. दोन्हीकडून म्हातारीचे घर गेलेच!

आणि हा तोटा इथे दुप्पट आहे. वारली चित्र जगभर पोहोचले. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांना 2011 साली पद्मश्री मिळाली. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठीने, बांबूची काडी चावून केलेल्या कुंचल्याने त्या चित्रात सगळे येते. नाच येतो, शेत येते, लग्न येते, मुंगीसुद्धा येते. त्यातला माणूस दोन त्रिकोणांचा आणि डोके म्हणजे एक ठिपका. त्याला सहसा नाक-डोळे नसतात. ती त्या कलेची रीत आहे, आणि उत्तम रीत आहे. पण त्याचा अर्थ असा, की चेहरा राखून ठेवायचे काम फोटोकडे आले. ते काम फोटोने केले नाही, तर घरातल्यांच्या आठवणीखेरीज तो चेहरा कुठेच उरत नाही. चावलेल्या काडीने ज्यांनी एवढे जग रेखाटले, त्यांच्यासमोर दहा लाखांची काच घेऊन उभे राहायचे आणि फक्त एक डोळा स्पष्ट आणायचा, याला काय म्हणावे?

छोट्या लेन्सला माणूस बुजत नाही, हाही मुद्दा आहेच. तोफेसारखी नळी रोखली की कोणीही अंग चोरतो. रेंजफाइंडरची खिडकी कोपऱ्यात असल्याने उजव्या डोळ्याने पाहणाऱ्याचा डावा डोळा उघडा राहतो. समोरच्याला आपला निम्मा चेहरा दिसतो. एसएलआरमध्ये फोटो निघतो नेमक्या त्या क्षणी आरसा वर जातो आणि काढणाऱ्याला काहीच दिसत नाही. रेंजफाइंडरमध्ये तो क्षणही दिसतो. आंरी कार्तिए-ब्रेसाँ हा फ्रेंच फोटोग्राफर 1947 साली भारतात आला आणि 1948 च्या जानेवारीत गांधीजींच्या अंत्ययात्रेचे फोटो त्याने काढले. जन्मभर त्याचा भर पन्नासच्याच लेन्सवर. कॅमेऱ्याची चकाकी लोकांच्या डोळ्यांत भरू नये म्हणून तो चकचकीत भागांवर काळी पट्टी चिकटवत असे. आमचे लोक नेमके उलटे करतात. लेन्सवर लाल कडे आहे की नाही ते आधी बघतात.

तेव्हा पत्ता सांगून ठेवतो. पैसे असतील तर जुनी एल्मार. नसतील तर सोव्हिएत फेड किंवा झोर्की आणि त्यावर इंडस्टार. साडेतीनचीही मिळते, 2.8 चीही. दोन पथ्ये पाळावीत. आत ढकलायची लेन्स असेल तर फोटो काढण्यापूर्वी ती बाहेर ओढून फिरवून पक्की करावी, नाहीतर सगळा रोल दुधात पडतो. आणि फेड-झोर्कीवर आधी रोल पुढे सरकवावा, मगच शटरचा वेग बदलावा. उलटे केले तर यंत्र रुसते. पुढे एफ 8 ठेवा, फोकस पाच मीटरवर ठेवा. साडेतीन मीटरपासून साडेनऊ मीटरपर्यंत जे काही असेल ते ठाकठीक येईल. म्हातारी येईल, ओटी येईल, कोंबडी येईल, नातू जीभ काढत असेल तर जीभही येईल. कडे फिरवायचे कारण नाही, दोन्ही डोळे माणसाकडे.

आणि रोल धुऊन आला, की एक प्रत कागदावर काढून ज्याचा फोटो आहे त्याच्या घरी नेऊन द्या. लेन्स कोणती होती, असे तिथे कोणी विचारणार नाही. "आणखी एक काढा, आता आमच्या बाबांचा," एवढेच म्हणतील. मग बाबांचा काढा, काकांचा काढा, शेजारच्या पाड्यावर बोलावणे येईल तिथे जा. एफ 1.4 बरी की 0.95, यावर बोलायला तुम्हाला वेळ उरणार नाही. मला तेवढेच हवे आहे.